पोर्टहोल : एका शब्दाची ओळख

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात भिलाईला लागून चरोदा ही वस्ती आहे. येथील पत्त्यात 'बी.एम.वाय. चरोदा' असे लिहिण्याची पद्धत आजही रूढ आहे. ही तीन अक्षरे म्हणजे 'भिलाई मार्शलिंग यार्ड'. आलेल्या मालगाड्यांचे डबे सोडवायचे आणि ज्या दिशेला जायचे त्यानुसार ते पुन्हा जोडायचे, हे या विस्तीर्ण यार्डाचे काम. शेजारच्या भिलाई पोलाद कारखान्यात रूळ तयार होतात, तशाच पोलादाच्या जाड, रुंद प्लेटाही तयार होतात. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलात दाखल झालेल्या 'आयएनएस विक्रांत' या विमानवाहू जहाजासाठी सुमारे ३०,००० टन विशेष प्रतीचे पोलाद लागले. ते भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांनी पुरवले. चरोदा येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. ज्या धातूची जहाजे बनतात तो धातू मात्र अगदी शेजारी ओतला जातो.

अशा ठिकाणी राहणाऱ्या, रेल्वेचे डबे रोज पाहणाऱ्या, पण जहाज कधीच न पाहिलेल्या एखाद्या वाचकाची कल्पना करू. इतिहासाचे मराठी पुस्तक वाचताना त्याला कळते की, १९१० साली विनायक दामोदर सावरकर यांनी 'मोरिया' या बोटीच्या पोर्टहोलमधून समुद्रात उडी घेतली. 'पोर्टहोल' या शब्दाशी तो अडतो. अर्थ विचारला की उत्तर मिळते, 'जहाजाची खिडकी'. वाचकाचे समाधान होते आणि त्याच्या डोळ्यांसमोर रेल्वेच्या डब्याची खिडकी उभी राहते : आयताकृती, हात बाहेर काढून चहाचा पेला घेता येईल एवढी ऐसपैस, आणि आपत्कालीन असेल तर गज बाजूला सारून माणूस सहज बाहेर पडेल अशी. अर्थ सांगितला गेला, पण चित्र चुकले. आकार चुकला, माप चुकले आणि मुख्य म्हणजे हेतूही चुकला. शब्दाचा अर्थ कळणे आणि शब्दामागची वस्तू कळणे यांत किती अंतर असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

म्हणून आधी वस्तू पाहू. जहाजाच्या बाजूला जो पोलादी पत्रा असतो, त्यात कापलेले वाटोळे भोक म्हणजे पोर्टहोल. या भोकाच्या कडेला पितळेचे किंवा कांस्याचे मजबूत कडे बसवलेले असते. त्याला मराठीत 'चौकट' म्हणण्याचा मोह होतो. पण चौकट या शब्दातच 'चौ' म्हणजे चार आहे, आणि येथे तर एकही कोपरा नाही. 'कडे' हाच शब्द बरा. कड्यात जाड, टणक काच असते. काही पोर्टहोल कायमची बंद असतात. जी उघडता येतात ती बिजागरीवर आत फिरतात आणि बंद करताना मोठ्या पितळी मळसूत्रांनी आवळून टाकावी लागतात. काच आणि कडे यांच्यामध्ये रबराची पट्टी असते. ती सगळीकडून सारखी दाबली गेली तरच पाणी आत येत नाही. याशिवाय आतल्या बाजूला लोखंडी झडप असते. तिला खलाशी 'डेडलाइट' म्हणतात. वादळात काच फुटण्याची भीती असते, तेव्हा ही झडप काचेवर पाडून आवळतात. मग खोलीत उजेडही येत नाही आणि वाराही येत नाही. पण समुद्र बाहेरच राहतो.

माप तर याहूनही बोलके आहे. जहाजांवर किती माल भरावा आणि पाण्याच्या वर जहाजाचा किती भाग राहावा, याविषयी १९६६ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. या कराराच्या नियमांत अशा भोकांना 'साइडस्कटल' असे नाव आहे. नियमांची भाषा पोर्टहोल हा शब्द सहसा वापरत नाही; तो खलाशांचा आणि प्रवाशांचा शब्द आहे. नियमानुसार वाटोळ्या किंवा लंबगोल भोकाचे क्षेत्रफळ ०.१६ चौरस मीटरपर्यंत असेल तरच ते साइडस्कटल. त्याहून मोठे असेल तर ती 'खिडकी' ठरते आणि खिडकीसाठी नियम वेगळे. ०.१६ चौरस मीटरचे वर्तुळ काढले तर त्याचा व्यास सुमारे ४५ सेंटीमीटर येतो. म्हणजे सर्वांत मोठे पोर्टहोल हे बांधकामावरील घमेल्याच्या तोंडाएवढे असते असे समजायला हरकत नाही. नेहमीची तर त्याहून लहान, २० सेंटीमीटरपासून पुढे असतात. जहाजात भरपूर माल भरल्यावर पाणी जिथपर्यंत चढते, त्या रेषेपासून भोकाची खालची कड किमान ५०० मिलिमीटर तरी वर असली पाहिजे, हाही नियम आहे. जहाज फार रुंद असेल तर हे अंतर आणखी वाढते. एका खिडकीसाठी एवढे कायदेकानू कुठल्या घराला लागत नाहीत.

ही भोके वाटोळीच का, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. भिलाईच्या कारखान्यात काम करणारा कोणताही जुना फिटर त्याचे उत्तर देऊ शकेल. पत्र्याला तडा गेला, तर तो पुढे सरकू नये म्हणून फिटर तड्याच्या टोकाशी एक लहानसे गोल भोक पाडतो. तड्याचे टोक अणकुचीदार असते. ताण पडला की सगळा जोर त्या एका टोकाशी एकवटतो आणि तडा वाढत जातो. टोकाशी गोल भोक आले की तोच जोर भोकाच्या कडेवर वाटला जातो. चौकोनी भोकाचा प्रत्येक कोपरा हे असेच एक टोक असते. गोटीपाकिटाच्या काठाला लहानशी खाच दिली की पाकीट तिथूनच फाटते, त्यामागचे कारणही हेच.

जहाज म्हणजे काही स्थिर उभी असलेली भिंत नव्हे. मोठ्या लाटेचा माथा जहाजाच्या मध्यभागी आला की दोन्ही टोके खाली वाकतात. लाटेची खोलगट बाजू मध्यभागी आली की पोट खाली वाकते. एका प्रवासात हे हजारो वेळा घडते. आपण लोखंडी तार हाताने तोडतो तेव्हा तिला वरखाली वाकवत राहतो. समुद्र जहाजाशी अगदी तेच करीत असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'लिबर्टी' नावाची मालवाहू जहाजे घाईघाईने बांधली. एकूण २,७०० हून अधिक. त्यांतील अनेकांच्या पत्र्यांना तडे गेले. तपासात आढळले की थंड पाण्यात त्या काळचे पोलाद ठिसूळ होत होते, आणि बरेच तडे माल उतरवण्याच्या चौकोनी तोंडाच्या कोपऱ्यांपासून सुरू झाले होते. नंतर ते कोपरे गोलाकार करण्यात आले. हा अनुभव खिडकीचा नव्हे, डेकवरील मोठ्या तोंडाचा आहे. पण पोलादाला दोन्ही सारखेच. वाटोळ्या आकाराचा आणखी एक फायदा म्हणजे रबराची पट्टी सगळीकडून सारखी दाबली जाते. चौकोनी झाकणाचे कोपरे नेहमी थोडे सैल राहतात, हे डब्याचे झाकण लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता शब्दाकडे वळू. 'होल' म्हणजे भोक हे उघड आहे. 'पोर्ट' म्हणजे बंदर, असे आपण शाळेपासून शिकतो आणि त्यामुळे पोर्टहोल म्हणजे 'बंदर पाहण्याचे भोक' अशी कोणी समजूत करून घेतो. ती चुकीची आहे. येथील 'पोर्ट' हा फ्रेंचमधून आलेला, मुळात लॅटिनमधील 'पोर्टा' म्हणजे दार, या शब्दाचा वंशज आहे. बंदर या अर्थाचा 'पोर्ट' लॅटिनमधील 'पोर्टुस' या शब्दावरून आला. दोन्ही शब्द एकाच कुळातले भाऊ आहेत, पण घरे वेगळी. तेव्हा पोर्टहोल म्हणजे अक्षरशः 'दारभोक'.

दार कशाचे? तोफेचे. सोळाव्या शतकापासून युरोपातील लढाऊ जहाजांच्या बाजूंना तोफांसाठी भोके पाडली जाऊ लागली आणि त्यांना बाहेरून उघडणारी लाकडी झाकणे बसवली गेली. लढाईत झाकण वर उचलायचे, तोफेचे तोंड बाहेर काढायचे, आणि काम झाले की झाकण पाडायचे. प्रारंभी पोर्टहोल हा शब्द याच तोफेच्या दाराला लावला जाई. उजेडासाठी आणि हवेसाठी केलेल्या लहान वाटोळ्या भोकाला तो नंतर चिकटला, आणि तोफा गेल्यावरही तिथेच राहिला.

मराठी आरमारालाही हे तोफेचे पोर्टहोल परिचित होते. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात गुराब आणि गलबत ही दोन प्रकारची जहाजे प्रमुख होती. 'गुराब' हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ कावळा किंवा डोमकावळा. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गुराबांचे वर्णन केले आहे. त्यानुसार गुराबेच्या पुढच्या भागातील आडव्या लाकडी भिंतीत भोके ठेवलेली असत आणि त्यांतून दोन तोफांची तोंडे समोरच्या दिशेला रोखलेली असत. इंग्रजीत लिहिणाऱ्या ऑर्मने या भोकांना 'पोर्टहोल' म्हटले. मराठीत किल्ल्याच्या तटातील अशा मारा करण्याच्या भोकांना 'जंग्या' म्हणतात. सिंधुदुर्गाच्या किंवा रायगडाच्या तटावर फिरलेल्या माणसाने त्या पाहिलेल्या असतात. पोर्टहोलच्या मूळ अर्थाला मराठीत इतका जवळचा दुसरा शब्द नाही. मात्र उजेडाच्या भोकाला जंगी म्हणता येणार नाही. वस्तूचा हेतू बदलला की शब्दाची जवळीकही संपते.

दार म्हटले की ते बंद करण्याची जबाबदारी आलीच. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्वीडनची 'वासा' ही नवी कोरी युद्धनौका स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्याच सफरीला निघाली. तिच्या तोफांची दारे उघडी होती. वाऱ्याचा जोराचा झोत आला, वरून जड असलेली नौका कलली, खालच्या ओळीतील उघड्या दारांतून पाणी आत शिरले आणि किनाऱ्यावर जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत ती बुडाली. १९६१ साली ती समुद्रतळातून वर काढण्यात आली. आज ती स्टॉकहोममधील संग्रहालयात पाहता येते. या घटनेला जवळजवळ तीनशे वर्षे झाल्यावर, २१ नोव्हेंबर १९१६ रोजी, 'ब्रिटानिक' हे रुग्णालय-जहाज एजियन समुद्रात सुरुंगावर आदळले. युद्धकाळात पोर्टहोल बंद ठेवण्याचा हुकूम होता. पण रुग्णांच्या कक्षांत हवा खेळावी म्हणून परिचारिकांनी बरीच पोर्टहोल उघडून ठेवली होती. सुरुंगाने पाडलेल्या भगदाडामुळे जहाज कलले, उघडी पोर्टहोल पाण्याच्या पातळीला आली आणि त्यांतून पाण्याचे लोंढे आत येऊ लागले. हे प्रचंड जहाज अवघ्या ५५ मिनिटांत बुडाले. सुदैवाने त्या वेळी जहाजावर जखमी सैनिक नव्हते आणि हजारावर माणसे वाचली. तीस जणांना मात्र प्राण गमवावे लागले. परिचारिकांचा हेतू चांगला होता. कोंदट खोलीची खिडकी उघडणे हे घरात पुण्याचे काम आहे. जहाजावर ते तसे नाही. कारण तिथे जी उघडली जाते ती खिडकी नसून जहाजाच्या अंगाला पाडलेले भोक असते.

या पार्श्वभूमीवर 'मोरिया'वरील प्रसंग पुन्हा वाचावा. सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली होती आणि खटल्यासाठी त्यांना हिंदुस्थानात नेले जात होते. पी. अँड ओ. कंपनीची 'मोरिया' १ जुलै १९१० रोजी इंग्लंडहून निघाली आणि ७ जुलैला फ्रान्समधील मार्सेय बंदरात थांबली. ८ जुलैच्या सकाळी सावरकर पहाऱ्यात शौचकूपात गेले, त्यांनी दार आतून लावून घेतले आणि तेथील पोर्टहोलमधून अंग बाहेर काढून पाण्यात उडी घेतली. ते पोहून धक्क्यावर चढले आणि धावू लागले. परंतु फ्रेंच सागरी पोलिसांतील एका अधिकाऱ्याने त्यांना पकडले आणि मागावर आलेल्या पहारेकऱ्यांच्या मदतीने पुन्हा जहाजावर नेले. हे सारे काही मिनिटांत घडले. फ्रान्सच्या भूमीवर पकडलेला माणूस ब्रिटनला असा परत नेता येतो का, यावर दोन देशांत वाद झाला. तो हेग येथील स्थायी लवाद न्यायालयापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला : पकडण्याच्या पद्धतीत अनियमितता होती, तरी कैद्याला फ्रान्सकडे परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. सावरकरांना अंदमानला जावे लागले.

काही लोकप्रिय कथनांत ही उडी 'बोटीच्या खिडकीतून' घेतल्याचे लिहिलेले असते, आणि मग तिचा अवघडपणा वाढवण्यासाठी लेखक अथांग सागर, उसळत्या लाटा आणि तासन्‌तास पोहणे यांची भर घालतात. प्रत्यक्षात जहाज बंदरात होते आणि धक्का दूर नव्हता. अवघड होते ते भोक. ते उजेड आणि हवा येण्यासाठी केलेले होते, माणूस जाण्यासाठी नव्हे. प्रौढ माणसाचे खांदे सहसा ४० सेंटीमीटरहून रुंद असतात, आणि पोर्टहोलचे माप आपण वर पाहिलेच आहे. खांदे तिरके करून, अंग आकसून, काचेच्या आणि पितळेच्या कडेला घासत बाहेर सरकणे, तेही दाराबाहेर पहारा असताना, ही या प्रसंगाची खरी अडचण होती. 'खिडकी' हा शब्द लिहिला की हीच अडचण पुसली जाते आणि मग ती भरून काढायला लाटा आणाव्या लागतात. नेमका शब्द असता तर अतिशयोक्तीची गरजच पडली नसती.

यात एक गंमतही आहे. पुढे १९२० च्या दशकात सावरकरांनी रत्नागिरीहून भाषाशुद्धीची चळवळ चालवली आणि परकी शब्दांच्या जागी देशी शब्द वापरावेत असा आग्रह धरला. 'दिनांक', 'महापौर' यांसारख्या शब्दांच्या प्रसाराचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्या उडीची कथा सांगताना मात्र मराठी माणूस बहुधा 'पोर्टहोल' हाच इंग्रजी शब्द वापरतो. किंबहुना समुद्र न पाहिलेल्या पुष्कळ मराठी घरांत हा शब्द पोहोचला तो याच कथेमुळे.

मराठीत या वस्तूसाठी देशी शब्द नाहीच का? आहे, आणि तो फार सुंदर आहे : 'गवाक्ष'. 'गो' म्हणजे गाय किंवा बैल आणि 'अक्ष' म्हणजे डोळा. बैलाच्या डोळ्यासारखी वाटोळी खिडकी ती गवाक्ष. कार्ले, भाजे, अजिंठा येथील चैत्यगृहांच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालासारखी जी मोठी कमान दिसते, तिला अभ्यासक चैत्यगवाक्ष म्हणतात. आता जगातील इतर भाषांकडे पाहावे. जर्मन भाषेत पोर्टहोलला 'बुलआउगे' म्हणतात, त्याचा अर्थ बैलाचा डोळा. स्पॅनिश भाषेत 'ओहो दे बुए', त्याचाही अर्थ बैलाचा डोळा. एकमेकांशी संबंध नसलेल्या काळांत आणि देशांत माणसांनी वाटोळी खिडकी पाहिली आणि प्रत्येकाला गोठ्यातल्या जनावराचा टपोरा डोळा आठवला. खिडकीचा दुसरा संस्कृत शब्द 'वातायन', म्हणजे वाऱ्याची वाट. इंग्रजी 'विंडो' हा शब्दही जुन्या नॉर्वेजियन-आइसलँडिक भाषेतील 'वाऱ्याचा डोळा' या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. गोव्यात खिडकीला 'जनेल' म्हणतात, तो मात्र पोर्तुगीज 'जनेला'चा सरळ वारस. वर आलेले 'घमेले' आणि घरातली 'चावी' याही पोर्तुगिजांकडूनच आलेल्या वस्तू.

तरीही पोर्टहोलच्या जागी गवाक्ष लिहावे, असे म्हणता येत नाही. अर्थ जुळतो, पण मराठी वाचकाच्या मनात गवाक्ष म्हटले की राजवाडा येतो, नक्षीदार सज्जा येतो, वाट पाहणारी राजकन्या येते. तिथे पितळी मळसूत्रे आणि शौचकूप बसत नाहीत. 'झरोका' या शब्दाची हीच अडचण. कवितेत 'जहाजाचे गवाक्ष' शोभेल. बातमीत किंवा इतिहासात ते वाचकाची दिशाभूल करील. म्हणून माहितीपर लेखनात 'पोर्टहोल' लिहावे आणि पहिल्यांदा तो शब्द येईल तिथे 'जहाजाच्या बाजूला असलेले, काच बसवलेले लहान वाटोळे भोक' असे सांगून टाकावे. चरोदा येथील कामगार 'यार्ड' म्हणतो आणि त्यात त्याला काही परके वाटत नाही, तसेच हे आहे. खुद्द समुद्रावरची मराठी तर अशा शब्दांनी भरलेली आहे. 'बंदर' फारसी आणि 'तोफ' तुर्की. 'आगबोट' तर अर्धी देशी आणि अर्धी इंग्रजी. आगगाडीच्या धर्तीवर तयार झालेला हा शब्द आज मागे पडला आहे, पण तो बनवणाऱ्या अनामिक माणसाला दाद द्यावीशी वाटते.

शब्द भाषेत किती मुरला आहे हे त्याच्या व्याकरणावरून कळते. 'तिकीट' हा इंग्रजी शब्द मराठीत इतका मुरला की त्याचे अनेकवचन 'तिकिटे' होते आणि विभक्तीचा प्रत्यय लागताना 'की'चा 'कि' होऊन 'तिकिटावर', 'तिकिटाला' अशी रूपे होतात. पोर्टहोल अजून त्या टप्प्यावर आलेला नाही. भोक आणि छिद्र यांच्याप्रमाणे तो बहुधा नपुंसकलिंगी चालवतात : 'ते पोर्टहोल उघडे होते.' पण 'पोर्टहोलातून' असे फारसे कोणी लिहीत नाही, 'पोर्टहोलमधून' असे लिहितात. आणि अनेकवचनी 'पोर्टहोले' कानाला खटकते म्हणून 'सगळी पोर्टहोल' असा प्रयोग होतो. पाहुणा ओसरीवर बसला आहे, अजून माजघरात आलेला नाही.

समुद्रावरच्या शब्दांभोवती दंतकथाही लवकर जमतात, तेव्हा एका दंतकथेबाबत सावध केलेले बरे. आपण 'पॉश वस्ती', 'पॉश घर' असे म्हणतो. या 'पॉश' शब्दाची उत्पत्ती अशी सांगितली जाते : इंग्लंडहून मुंबईला येताना जहाजाच्या डाव्या बाजूच्या आणि परतताना उजव्या बाजूच्या खोल्यांना ऊन कमी लागे, श्रीमंत प्रवासी तशाच खोल्या मागत, आणि 'जाताना डावी, येताना उजवी' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे पी. अँड ओ. कंपनी तिकिटावर छापत असे, त्यांचाच 'पॉश' झाला. जहाजाच्या डाव्या बाजूला 'पोर्ट' म्हणतात हे खरे आहे. आधीचा शब्द 'लारबोर्ड' हा उजव्या बाजूच्या 'स्टारबोर्ड'सारखा ऐकू येऊन घोटाळा होई, म्हणून १८४४ साली ब्रिटिश नौदलाने 'पोर्ट' हा शब्द सक्तीचा केला. वातानुकूलन नव्हते तेव्हा तांबड्या समुद्रातील उकाड्यात सावलीच्या बाजूचे पोर्टहोल मोलाचे वाटत असे, हेही खरे. पण ती अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. कथा इतकी नेटकी आहे, हीच तिच्याविषयी शंका घेण्याची पहिली खूण होती.

आजच्या मोठ्या प्रवासी जहाजांवर वरच्या मजल्यांना सरळ काचेची दारे आणि सज्जे असतात. तिथे समुद्राचे पाणी पोहोचत नाही, म्हणून ते परवडते. पाण्याच्या जवळच्या खालच्या मजल्यांवर मात्र भोके लहान आणि जाड काचेचीच ठेवली जातात, आणि तीही बहुधा न उघडणारी. तिथल्या खोलीचे भाडे कमी असते. वादळाचा इशारा आला की कर्मचारी एकेका खोलीत जाऊन लोखंडी झडपा पाडतात आणि मळसूत्रे आवळून पुढच्या खोलीकडे वळतात.